केळीचं पॅकहाऊस, चार स्विचची रिंग आणि स्पॅनिंग ट्री: कुठल्या पोर्टला काय लावायचं?

केळीपट्टा · सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका केळी पॅकहाऊसचं आणि शीतगृहाचं वायरिंग, कॅमेरे, नेटवर्क असं सगळं मी बघतो. मूळचा वायरमन आहे. स्विचचं काम हाताने करत शिकलो, शिकवायला कोणी नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मांडणी अशी: ऑफिसात मुख्य स्विच. तिथून पॅकिंग हॉल, तिथून शीतगृह, तिथून गेटवरचा भुईकाटा आणि भुईकाट्यावरून परत ऑफिस. म्हणजे गोल. आवारात सारखी खोदाई चालते, एका जागी केबल तुटली तर दुसऱ्या अंगाने काम चालावं म्हणून मालकांनी मुद्दाम अशी करून घेतली. चारही स्विच सिस्कोचे, मॅनेज होणारे. तिघे गिगाबिट. भुईकाट्यावरचा मात्र जुन्या ऑफिसातून काढून लावलेला, १०० एमबीपीएसचा. पॅकिंगमध्ये १८ कॅमेरे, शीतगृहात ९, गेट आणि ऑफिस मिळून १२. रेकॉर्डर ऑफिसात. कॅमेरे ४ एमबीपीएसवर लावलेत.

त्रास तीन आहेत. पहिला, दिवसा पॅकिंग चालू असताना चित्रं तुटतात, आणि सकाळी आठला हॉलमधले कॉम्प्युटर सुरू होतात तेव्हा सगळ्याच कॅमेऱ्यांची चित्रं पंधरा-वीस सेकंद गोठतात. दुसरा, लाइट जाऊन आली की लेबल छापणारे प्रिंटर नेटवर्कवर येत नाहीत, १६९.२५४ असा काहीतरी पत्ता घेऊन बसतात. बंद करून चालू केले की येतात.

तिसरा त्रास आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या रात्री झाला. पावणेबाराला बठ्ठं नेटवर्क बसलं. चारही स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. काट्यावर वजनाची पावती निघेना, गेटबाहेर ट्रक उभे. शीतगृहाचे कंट्रोलर आपापलं काम करत होते, पण ऑफिसातल्या पडद्यावर तापमान दिसेना. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळपट पडते, आणि फार वर गेली की पिकायला लागते. दोन माणसं हातात थर्मामीटर घेऊन खोली-खोली फिरत होती. चाळीस मिनिटांनी सापडलं. लेबलच्या टेबलाखाली पाच पोर्टचा एक साधा डबा-स्विच आहे. झाडताना कोणीतरी लोंबणारं केबलचं टोक त्याच्याच रिकाम्या खाचेत बसवून दिलं होतं. नीट ठेवावं म्हणूनच केलं त्या माणसाने.

बसवून देणारे म्हणतात, स्पॅनिंग ट्री बंदच करून टाका, तिच्यामुळेच सगळं हळू होतं. करू का बंद?

---

वाघूरकाठ · सोमवार, रात्री १०:४२

नका. कोणी काहीही सांगो, रिंग असताना स्पॅनिंग ट्री बंद करू नका. ज्या क्षणी बंद कराल त्या क्षणी आखाजीची रात्र पुन्हा येईल, आणि या वेळी काढायला लोंबतं टोकही नसेल, कारण तुमची रिंगच लूप असेल.

आयपी पॅकेटमध्ये निदान आयुष्याचा आकडा असतो, दर राउटरला एकाने घटतो, शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या फ्रेमला असं काही नाही. एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून असलेली, फ्रेम गोलात शिरली की फिरतच राहते, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक स्विच तिच्या प्रती बाकीच्या सगळ्या पोर्टांवर सोडतो. स्पॅनिंग ट्री त्या गोलातलं एक पोर्ट मिटून ठेवते आणि केबल तुटली तर तेच उघडते. तुमच्या मालकांना रिंगमधून हवं होतं ते नेमकं हेच.

तुमचे तीनही त्रास पोर्टच्या सेटिंगचे दिसतात. चारही स्विचवर "शो स्पॅनिंग-ट्री" चालवा आणि रूट, म्हणजे ज्याला मध्य धरून बाकीचे वाटा ठरवतात तो स्विच, कोण आहे, कुठलं पोर्ट ब्लॉक आहे ते लिहा. शिवाय पॅकिंगच्या स्विचवर "शो स्पॅनिंग-ट्री डिटेल" चालवून टोपॉलॉजी चेंजचा आकडा सांगा. त्या डबा-स्विचच्या पोर्टचं कॉन्फिगही टाका.

---

अमळनेरकर · सोमवार, रात्री ११:०५

भाऊ, तुनं दुखनं मी जानस. आमच्याकडे एका दवाखान्यात हेच झालं होतं, आयपी फोनमुळे. फोनला दोन खाचा असतात, एक भिंतीकडची आणि एक कॉम्प्युटरकडची. टेबल हलवताना दोन्ही भिंतीत गेल्या. तळमजला बंद.

जगात मोठ्यांचंही होतं. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनचं बेथ इस्राएल डीकनेस हे रुग्णालय स्पॅनिंग ट्रीच्या गोंधळात काही दिवस कागदावर चाललं. नेटवर्क वर्षानुवर्षं जोडत जोडत वाढवलं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्विचची साखळी शिफारशीपेक्षा लांब झाली होती. स्पॅनिंग ट्रीच्या मूळ वेळा सात स्विचच्या हिशोबाने ठरवलेल्या आहेत. तुमचे चारच आहेत, ती काळजी नको. पण प्रत्येक टेबलाखाली एकेक डबा ठेवत गेलात तर काळजी करा.

---

मिरची_नंदुरबार · मंगळवार, सकाळी ७:२०

एवढं लांबवायची गरज नाही. दोन ओळी टाका, सगळ्या स्विचवर:

स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट डिफॉल्ट
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट बीपीडीयूगार्ड डिफॉल्ट

पहिलीने पोर्ट न थांबता चालू होतं, म्हणून प्रिंटर लगेच येतील, आणि दुसरीने कोणी लूप केला तर ते पोर्ट आपोआप बंद होईल. मी दहा ठिकाणी हेच केलंय.

---

वाघूरकाठ · मंगळवार, सकाळी ७:३१

थांबा! केळीपट्टा, या ओळी टाकण्याआधी सांगा: तुमच्या स्विच-ते-स्विच लिंक ट्रंक आहेत, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचमधली वेगवेगळी आभासी नेटवर्क) नेणाऱ्या, की ॲक्सेस, म्हणजे एकाच व्हीलॅनच्या?

---

केळीपट्टा · मंगळवार, दुपारी १:५०

आत्ता जेवायच्या सुट्टीत बघितलं. ताई, ट्रंक असं कुठेच लिहिलेलं नाही. सगळं व्हीलॅन १ मध्येच आहे. लिंकच्या पोर्टवर काहीच कॉन्फिग नाही, आणि "शो इंटरफेसेस स्टेटस" मध्ये ट्रंकऐवजी १ दिसतो.

रूटचं बघून मी बुचकळ्यात पडलो. चारही स्विच सांगतात रूट म्हणजे भुईकाट्यावरचा जुना स्विच. सगळ्यांची प्रायॉरिटी ३२७६९. पॅकिंगच्या स्विचवर ऑफिसकडे जाणारं २३ नंबर ब्लॉक, ऑल्टरनेट म्हणजे राखीव. शीतगृहाकडचं २४ नंबर रूट पोर्ट, म्हणजे रूटकडे जाणारं. टोपॉलॉजी चेंज २,९१४, शेवटचा आज सकाळी ८:०४ ला.

डबा-स्विच पॅकिंगच्या ७ नंबरवर आहे. तिथे दोन ओळी आहेत: "स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूफिल्टर एनेबल" आणि "नो कीपअलाइव्ह". मागच्या पावसाळ्यात ते पोर्ट दोनदा आपोआप बंद पडलं होतं, तेव्हा बसवणाऱ्यांनी येऊन "परत पडणार नाही" असं करून दिलं होतं.

---

वाघूरकाठ · मंगळवार, दुपारी २:३०

सगळं सापडलं. एकेक करून लिहिते, जरा लांब होईल.

आधी ती जागतिक ओळ, म्हणजे पूर्ण स्विचला एकदम लागू होणारी. "पोर्टफास्ट डिफॉल्ट" ट्रंक नसलेल्या प्रत्येक पोर्टला लागते. तुमच्या रिंगच्या लिंकही ॲक्सेस आहेत, म्हणजे त्यांनाही लागली असती. जोडीला दुसऱ्या ओळीतला गार्ड असता तर शेजारच्या स्विचची पहिली बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा स्विच-स्विचमधला निरोप, येताच लिंक बंद. दर दोन सेकंदांनी येते ती. चारही स्विच एकमेकांपासून तुटले असते, तेही ट्रक भरायच्या वेळी. मिरची_नंदुरबार यांच्या दहा ठिकाणी लिंक ट्रंक असणार, म्हणून तिथे चाललं. इथे नाही.

आता रूट. सगळ्यांची प्रायॉरिटी सारखी असली की ज्याचा मॅक पत्ता (कारखान्यातूनच आलेला हार्डवेअरचा नंबर) लहान तो रूट होतो. जुन्या स्विचचा पत्ता बहुधा लहान असतो, म्हणून अख्ख्या पॅकहाऊसचा कारभार सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात हळू स्विचकडे गेला. कोणी ठरवून दिलं नाही, तो नुसता उरला म्हणून.

त्याचा परिणाम बघा. रूटपर्यंतचा खर्च मोजताना गिगाबिट लिंकला ४ आणि १०० एमबीपीएसला १९ धरतात. पॅकिंगच्या स्विचला ऑफिसमार्गे भुईकाटा ४ अधिक १९, म्हणजे २३. शीतगृहामार्गेही २३. बरोबरी झाली की शेजाऱ्याचा ब्रिज आयडी, म्हणजे प्रायॉरिटी आणि मॅक पत्ता मिळून होणारा आकडा, बघतात. शीतगृहाचा लहान निघाला असणार, म्हणून पॅकिंगने ऑफिसकडची चांगली गिगाबिट लिंक मिटून टाकली. म्हणजे हॉलमधल्या १८ कॅमेऱ्यांचं चित्र शेजारच्या ऑफिसात जायला शीतगृहात जातं, तिथून गेटवर, आणि गेटवरून ऑफिसात. शीतगृहाचे ९ वाटेत मिळतात. २७ गुणिले ४, १०८ एमबीपीएस. आणि गेट-ऑफिस लिंक १०० ची. हॉलमध्ये हालचाल असली की कॅमेरे पूर्ण भराने पाठवतात, म्हणून दिवसा चित्र तुटतं.

सकाळचं गोठणं म्हणजे टोपॉलॉजी चेंज. पोर्टच्या पलीकडे नुसता कॉम्प्युटर आहे हे स्विचला माहीत नसेल, तर ते पोर्ट चालू-बंद होणं म्हणजे नेटवर्कचा नकाशा बदलला असं तो धरतो आणि सगळ्यांना कळवतो. मग शिकलेले मॅक पत्ते सगळे स्विच लवकर विसरतात. एरवी ३०० सेकंद लक्षात ठेवतात, अशा वेळी जुन्या पद्धतीत १५. पत्ता माहीत नसला की फ्रेम सगळ्या पोर्टांवर सोडावी लागते. आठ वाजता तुमचे सगळे कॉम्प्युटर पाठोपाठ सुरू होतात, प्रत्येकासाठी हे घडतं, आणि कॅमेऱ्यांचा लोंढा १०० च्या लिंकांवरही पसरतो. तो २,९१४ चा आकडा त्याचाच.

प्रिंटरचं सोपं आहे. पोर्ट चालू झालं की १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग. ते अर्धं मिनिट प्रिंटर पत्ता मागत राहतो, त्याचं बोलणं पुढे जात नाही, आणि तो हात टेकून स्वतःच १६९.२५४ घेतो.

आणि ७ नंबर. याचा मला खरंच राग आला. पावसाळ्यात ते पोर्ट बंद पडलं कारण बहुधा तेव्हाही तेच टोक तिथेच लागलं होतं आणि गार्डने ते पकडलं. गार्ड बरोबर वागला. पोर्ट का पडतंय ते शोधायच्या ऐवजी तिथे फिल्टर लावला. फिल्टर पोर्टवर लावला की ते पोर्ट बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेली बघतही नाही, म्हणजे त्या पोर्टापुरती स्पॅनिंग ट्री मेलीच. सिस्कोत दुसरीही एक राखण असते, स्विच दर १० सेकंदांनी एक छोटी फ्रेम पाठवतो आणि ती आपल्यालाच परत आली तर पोर्ट बंद करतो. "नो कीपअलाइव्ह" ने तीही काढली. दोन्ही राखणदार काढून दार उघडं ठेवलं.

---

केळीपट्टा · मंगळवार, दुपारी ३:०५

ताई, तुमचं वाचून मी टेबलाखालचा तो डबा बघायला गेलो. लेबलवाल्या बाई म्हणाल्या की पावसाळ्यात पाणी आलं होतं तेव्हाही केबल वर उचलून "नीट लावली" होती. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

गेटपर्यंत चित्र फिरून येतं हे माझ्या कधी डोक्यात आलं नसतं. हॉल आणि ऑफिस यांच्यात एक भिंत आहे फक्त.

---

आयटीआय_शिरपूर · मंगळवार, सायंकाळी ६:१०

मी शिकतोय, म्हणून विचारतो. प्रायॉरिटी ३२७६८ असते असं वाचलंय, मग ३२७६९ कुठून? आणि ४, १९ हे आकडे कोणी ठरवले? मला आमच्या लॅबमध्ये गिगाबिटला २०००० दिसतं.

---

पांझराकाठ · मंगळवार, सायंकाळी ६:५५

चांगले प्रश्न आहेत. ३२७६८ ही मूळ प्रायॉरिटी, तिच्यात व्हीलॅनचा नंबर मिळवतात. व्हीलॅन १ म्हणून ३२७६९. त्यासाठी जागा राखल्यामुळे प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते: ०, ४०९६, ८१९२ अशी ६१४४० पर्यंत. मधला आकडा टाकला तर स्विच नाकारतो. पोर्टचीही वेगळी प्रायॉरिटी असते, बहुतेक ठिकाणी १२८, आणि ती १६ च्या पटीत. दोन स्विचमध्ये दोन केबल असतील तर कुठली चालू ठेवायची ते तिने ठरवता येतं. पण ती पाठवणाऱ्या स्विचवर बदलावी लागते, ब्लॉक झालेल्या बाजूला बदलून काही होत नाही. याच्यात मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

खर्चाचे दोन तक्ते आहेत. जुन्यात १० एमबीपीएसला १००, १०० ला १९, गिगाबिटला ४, १० गिगाबिटला २. वेग वाढले तसे हे आकडे पुरेनात, म्हणून लांब तक्ता आला: १०० एमबीपीएसला २,००,०००, गिगाबिटला २०,०००, १० गिगाबिटला २,०००. तुझ्या लॅबमध्ये लांब तक्ता चालू आहे. एकाच नेटवर्कमध्ये एक स्विच लहान तक्त्यावर आणि दुसरा लांबवर असला तर हिशोब पार बिघडतो, एवढं लक्षात ठेव.

मूळ कल्पना रॅडिया पर्लमन यांची, १९८५ ची, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना. १९९० मध्ये ती ८०२.१डी म्हणून प्रमाण झाली. २००१ चं ८०२.१डब्ल्यू म्हणजे रॅपिड, तिचीच लवकर सावरणारी आवृत्ती. केळीपट्टा, तुमचा भुईकाट्यावरचा स्विच कुठल्या मोडमध्ये आहे? जुने सिस्को मूळ पद्धतीवर असतात. रॅपिड स्विचला तसा शेजारी मिळाला की त्या पोर्टवर तोही जुन्या चालीने चालतो. मग केबल तुटल्यावर सावरायला ३० ते ५० सेकंद.

---

केळीपट्टा · मंगळवार, रात्री ९:२०

दादा, बरोबर. भुईकाट्यावर "पीव्हीएसटी" आहे, बाकी तिघांवर "रॅपिड-पीव्हीएसटी". जुन्यावर रॅपिडचा पर्याय दिसतोय.

आता मला क्रमाने सांगाल का? आमच्याकडे ट्रक संध्याकाळी भरतात, सकाळी कटाईची माणसं शेतात असतात. पहाटे ५ ते ७ मोकळं असतं.

---

वाघूरकाठ · मंगळवार, रात्री १०:१०

पहाटेच करा. हातात कन्सोल केबल हवीच, नेटवर्कवरून करायला जाऊ नका, आपणच आपल्याला बाहेर काढतो. आधी चारही कॉन्फिग कॉपी करून ठेवा.

सुरुवात रूटपासून. ऑफिसच्या स्विचवर "स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १ प्रायॉरिटी ४०९६". पॅकिंगवर ८१९२, म्हणजे ऑफिसचा बंद पडला तर कारभार पॅकिंगकडे जाईल. बाकी दोघांना हात लावू नका. आता हिशोब असा बसतो: पॅकिंगला ऑफिस ४, शीतगृहाला पॅकिंगमार्गे ८, भुईकाट्याला सरळ १९. मिटलेलं पोर्ट भुईकाट्याच्या स्विचवर, शीतगृहाकडच्या बाजूला जाईल. १०० च्या लिंकवर फक्त गेटचा भार. तिथेच हवं होतं ते. मग भुईकाट्याचा मोड रॅपिड करा.

त्यानंतर टोकाची पोर्टं. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा, कंट्रोलर, रेकॉर्डर असलेल्या प्रत्येक पोर्टवर तीन ओळी: "स्विचपोर्ट मोड ॲक्सेस", "स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट", "स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल". रेंज देताना २३ आणि २४ चुकूनही आत येऊ देऊ नका. मी तर कागदावर पोर्टची यादी करून पलीकडे काय आहे ते प्रत्यक्ष केबल धरून बघते, मगच रेंज टाइप करते. नव्या आवृत्त्यांत "पोर्टफास्ट एज" असं लिहावं लागतं.

पोर्टफास्टने त्या पोर्टची स्पॅनिंग ट्री बंद होते असा समज आहे, तो चुकीचा. पोर्ट बीपीडीयू पाठवतच राहतं. तुम्ही त्याला फक्त एवढं सांगता की पलीकडे टोक आहे, ३० सेकंद थांबू नकोस आणि तू चालू-बंद झाल्याचा डांगोरा पिटू नकोस. प्रिंटर आणि सकाळचं गोठणं, दोन्ही याने जातील.

७ नंबरवरच्या दोन्ही ओळी काढा आणि तिथेही हेच तीन लावा. डबा-स्विच स्वतः बीपीडीयू बनवत नाही, म्हणून गार्ड त्याला विनाकारण मारणार नाही. त्यात कोणी लूप केला तर तुमच्याच स्विचची बीपीडीयू फिरून परत येईल आणि पोर्ट तत्काळ बंद. काही डबे बीपीडीयू गिळतात, पुढे सोडत नाहीत, म्हणून खात्रीला "स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल १.००" लावा, ब्रॉडकास्टचा लोंढा मर्यादेबाहेर गेला की ते अडवतं. शक्य असेल तर तो डबाच काढा आणि दोन केबल जादा ओढा. वायरमन आहात, तुम्हाला जड नाही.

शेवटी "राइट मेमरी", चारही ठिकाणी. लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगावं लागत नाही.

---

मिरची_नंदुरबार · बुधवार, सकाळी ८:१५

वाघूरकाठ, माझी चूक मान्य. माझ्या ठिकाणी लिंक ट्रंकच होत्या, मी तपासून सांगायला हवं होतं. तुम्ही वेळेत थांबवलंत.

एक सुचवतो, रूट गार्डही लावा सगळ्या लिंकवर. म्हणजे परत कुठला जुना स्विच येऊन रूट होणार नाही.

---

पांझराकाठ · बुधवार, सकाळी ९:००

सगळ्या लिंकवर नको. रिंगमध्ये रूट गार्ड जपून लावावा लागतो. समजा पॅकिंगच्या शीतगृहाकडच्या पोर्टवर लावला, आणि ऑफिस-पॅकिंग केबल जेसीबीने तोडली. आता पॅकिंगला ऑफिसचा पत्ता शीतगृहामार्गेच कळणार. पण त्या बाजूने चांगली बीपीडीयू आली की गार्ड पोर्ट अडवून धरतो. म्हणजे रिंग ज्या दिवसासाठी केली, त्याच दिवशी ती चालणार नाही. इथे रूट गार्ड फक्त ऑफिसच्या स्विचवर, रिंगच्या दोन पोर्टांना.

बाकी तिघांवर लूप गार्ड लावा, "स्पॅनिंग-ट्री लूपगार्ड डिफॉल्ट". गेटची लिंक फायबर असेल तर हवाच. फायबरमध्ये दोन तंतू असतात, एक तुटून दुसरा चालू राहिला तर मिटलेल्या पोर्टला बीपीडीयू यायची थांबते, त्याला वाटतं पलीकडे कोणी नाही, आणि ते उघडतं. तिथून लूप. लूप गार्ड असला की ते पोर्ट मिटलेलंच राहतं. एकाच पोर्टवर रूट गार्ड आणि लूप गार्ड दोन्ही चालत नाहीत.

---

केळीपट्टा · बुधवार, सकाळी ९:४०

गेटच्या दोन्ही लिंक फायबरच आहेत, फायबरची तांब्याशी जोड देणारे कन्व्हर्टर लावून. आणखी एक विचारायचं होतं. गार्डने पोर्ट बंद केलं तर उघडायला मला जावं लागेल. मी राहतो सावद्याला, रात्री दोनला फोन आला तर?

---

वाघूरकाठ · बुधवार, सकाळी १०:०५

"एरडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड" लावा. ३०० सेकंदांनी स्विच स्वतः उघडून बघतो, लूप तसाच असेल तर परत बंद. जिथे रात्री माणूस नसतो तिथे मी हे लावते. पण सकाळी लॉग बघायचा, आणि पोर्ट पडलेलं दिसलं तर खाली वाकून कारण शोधायचं. पावसाळ्यात तेवढंच राहून गेलं होतं.

कन्व्हर्टर असेल तर आणखी एक. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये फायबर तुटली तरी तांब्याचा दिवा लागलेलाच राहतो, स्विचला लिंक गेल्याचं कळत नाही. मग रॅपिडही तीन हॅलो (दर दोन सेकंदांनी येणाऱ्या बीपीडीयू) चुकेपर्यंत थांबतो, सहा सेकंद. कन्व्हर्टरवर दोष पुढे कळवायची बटणं असतील तर चालू करा. डुप्लेक्सही, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं चालतं का तेही, तपासा. एका बाजूला हाफ निघालं तर स्विच ती लिंक सामायिक धरतो आणि रॅपिडचा वेग मिळत नाही.

---

अमळनेरकर · बुधवार, दुपारी १२:३०

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपन्यांचे स्विच आहेत त्यांच्यासाठी. पोर्टफास्ट हा सिस्कोचा शब्द. प्रमाणात त्याला एज पोर्ट म्हणतात. मायक्रोटिकमध्ये ब्रिजच्या पोर्टला "एज" आणि "बीपीडीयू-गार्ड" अशा खुणा मिळतात, एचपी-अरुबामध्ये "ॲडमिन-एज-पोर्ट" आणि "बीपीडीयू-प्रोटेक्शन", हुवावेमध्ये "एज्ड-पोर्ट". काहींमध्ये "ऑटो एज" असतं, ते थोडा वेळ वाट बघून बीपीडीयू आली नाही तर स्वतः ठरवतं. कॅमेऱ्याला चालतं, पण प्रिंटरला मी हाताने एज लावतो.

---

केळीपट्टा · शुक्रवार, सकाळी ८:२५

काल पहाटे पावणेपाचला गेलो. घरून पोह्यांचा डबा आणि चहाचा थर्मास घेतला होता, साडेसातला खाल्ला.

रूट बदलताना कॅमेरे अर्धं मिनिट गेले आणि आले. त्यानंतर बघितलं, मिटलेलं पोर्ट भुईकाट्यावर, शीतगृहाच्या बाजूला, ताईंनी सांगितलं तिथेच. केबल धरून यादी केली तेव्हा कळलं की पॅकिंगच्या १९ नंबरवर मला माहीत नसलेला आणखी एक डबा-स्विच होता, छताजवळ, दोन कॅमेऱ्यांसाठी. तो काढला, केबल सरळ ओढल्या. लेबलच्या टेबलाखालचा आज संध्याकाळी काढतोय.

पण काढायच्या आधी मुद्दाम तेच टोक त्याच खाचेत लावून बघितलं. मनात धाकधूक होती. दिवे दोनदा लुकलुकले आणि ७ नंबर बंद. फक्त ७ नंबर. बाकी हॉल चालू, काटा चालू, शीतगृहाच्या पडद्यावर १३.६ अंश दिसत होतं. ते टोक काढलं, पाच मिनिटांनी पोर्ट आपोआप उघडलं.

मग ऑफिस-पॅकिंग केबल उपटली. शीतगृहातून ऑफिसला पिंग लावून ठेवलं होतं. एक पिंग चुकलं, दुसऱ्यापासून गेटमार्गे सुरू. "शो स्पॅनिंग-ट्री" मध्ये कॅमेऱ्यांच्या पोर्टांपुढे आता "पी२पी एज" दिसतं, लिंकच्या पोर्टांपुढे नुसतं "पी२पी".

आज सकाळी आठला मी रेकॉर्डरपुढे जाऊन बसलो. हॉलमधले सगळे कॉम्प्युटर लागले, एकही चित्र थांबलं नाही. टोपॉलॉजी चेंजचा आकडा कालपासून तिथल्या तिथे आहे.

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांना मी चार स्विचचा नकाशा काढून दाखवला, कुठलं पोर्ट कशासाठी ते लिहून. तो आता रॅकच्या दारावर आतून चिकटवलाय.

---

आयटीआय_शिरपूर · शुक्रवार, सकाळी ९:१०

दादा, तो नकाशा नावं झाकून इथे टाकाल का? मला आमच्या लॅबमध्ये चार स्विच घेऊन हीच रिंग लावून बघायची आहे, आधी रूट न ठरवता आणि मग ठरवून.

---

केळीपट्टा · शुक्रवार, सकाळी ९:१८

टाकतो भाऊ, रात्री. हाताने काढलाय, पण पोर्टचे नंबर बरोबर आहेत. आणि लॅबमध्ये एक डबा-स्विचही घे सोबत.